पलीकडचा माणूस दाखवायचा नव्हता

टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या माणसाचा आवाज सगळ्या कंपनीला माहीत असतो, चेहरा कुणालाच नाही. चिंचवड आणि आकुर्डीच्या मधे गिअर बनवणारा एक कारखाना होता, तिथे मी ऑपरेटर होतो. कँटीनच्या रांगेत उभा राहिलो की शेजारचा माणूस मला नवीन भरती समजून ताट कुठून घ्यायचं ते सांगायचा. मी काही बोललो की तो वळून बघायचा आणि म्हणायचा, "अच्छा, ते तुम्ही होय." पुढे माझी ओळख बदलली. लोक मला "याकूबचा बोर्डवाला" म्हणू लागले. ते नाव मला तेव्हा आवडलं नाही आणि आता ऐंशी ओलांडल्यावरही आवडत नाही.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, म्हणून बोर्ड म्हणजे काय ते आधी सांगतो. गेटच्या आत, टाइम ऑफिसला लागून एक लहान खोली. भिंतीशी लाकडी कपाटाएवढा बोर्ड. त्यावर प्रत्येक खात्यासाठी एक भोक आणि भोकावर पितळी झाकण. मशीन शॉपमधून कुणी फोन उचलला की त्या खात्याचं झाकण खट्‌कन पडायचं. मी एक दोरी त्या भोकात खोचायची, कोण हवं ते विचारायचं, जोडीची दुसरी दोरी हव्या त्या खात्यात खोचायची आणि घंटी द्यायची. मुंबईला बोलायचं असलं की पुण्याच्या ट्रंक एक्स्चेंजला नंबर नोंदवून वाट बघायची. सकाळी नोंदवलेला कॉल दुपारी लागला तर साहेब माझ्यावर खूश असायचे, जसं काही तारा मीच ओढल्या होत्या. परचेसचे एक अधिकारी मुंबईशी इतक्या मोठ्यानं बोलायचे की मी दोरी काढून घेतली असती तरी चाललं असतं.

ऑपरेटरनं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता. पण लाइन तुटली नाही ना हे पाहायला मधूनमधून कळ वर करून कान द्यावाच लागायचा. कान दिला की माणसाला मोह आवरत नाही. दोन्हीकडचं बोलणं ऐकणारा सबंध कंपनीत मी एकटा. कुठल्या खात्याचं कुठल्या खात्याशी पटत नाही, कोण साहेबाला घाबरतो, कोण बायकोला, हे मॅनेजरच्या आधी मला कळायचं. त्याची एक मस्ती होती अंगात.

कामगारांना मात्र फोन येत नसत. आला तर तो गावच्या पोस्टातून, आणि त्यात एकच बातमी असायची. नगर, बीड, रत्नागिरी, कुठून कुठून माणसं आलेली. मी मशीन शॉपला सांगायचो, अमक्याला बोर्डावर पाठवा. तो माणूस हात न पुसताच यायचा आणि दारातच चेहरा उतरलेला असायचा. मी काही सांगायच्या आधी विचारायचा, "आई की वडील?" हे काम मला कधीच चांगलं जमलं नाही. ते जमायचं याकूबला.

याकूब तांबोळी आमच्या मेंटेनन्समधला. कंपनीतले फोन, घंट्या, भोंगा सगळं त्याच्याकडे. चाकणचा, जुन्या घरातला. बोलणं ठेठ तिकडचं. असा कुणी कामगार आला आणि याकूब खोलीत असला तर तो उठून त्याचा हात धरायचा आणि म्हणायचा, "बस जरा. घाई करू नगंस, गाडी चारची हाय." तेवढ्यानं तो माणूस खाली बसायचा.

याच याकूबकडे दुसरी एक विद्या होती. त्याला कुठलाही आवाज काढता यायचा. निव्वळ नक्कल नव्हे. नक्कल मलाही येत होती, गॅदरिंगला मी दोन साहेबांची करत असे. याकूब जो माणूस अस्तित्वातच नाही त्याचा आवाज काढायचा. दिल्लीहून आलेला तपासनीस, पुण्यातले निवृत्त कर्नल, पोथी सांगितल्यासारखे बोलणारे एक सरकारी डॉक्टर. तो आवाज ऐकला की त्या माणसाचे कपडेसुद्धा दिसायचे.

दुपारी काम थंड असलं की तो माझ्या खोलीत यायचा. बोर्डाला टेस्टिंगसाठी एक जादा रिसिव्हर होता, तो उचलायचा आणि मला म्हणायचा, "राव, कुनाला लावायचा?" इथे माझं काम सुरू व्हायचं, आणि हे कुणी कधी लिहिलेलं नाही म्हणून मी लिहितो. कुणाला लावायचा, कधी लावायचा हे मी ठरवायचो. कुठला साहेब सकाळपासून चिडलेला आहे, कुठे तपासणीची भीती आहे, हे मला ठाऊक. शिकार मी हेरायचो. त्याचा एक नियम होता, कामगाराला फोन लावायचा नाही. "त्यो मरन ऐकायच्या तयारीनं येतो. तिथं मस्करी न्हाई," असं त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

त्याचा गाजलेला फोन कँटीनचा. कँटीनचे मॅनेजर नाईकमामा, भले गृहस्थ, तपासणीला भारी घाबरायचे. याकूबनं त्यांना हेड ऑफिसचा अन्न-तपासनीस होऊन फोन केला. म्हणाला, नवी पद्धत आली आहे, आता आम्हाला चिंचवडला यायची गरज नाही, वास तारेवरून येतो. रिसिव्हर डाळीच्या पातेल्यावर धरा. नाईकमामांनी धरला. मला हेडफोनमध्ये डाळ रटरटताना ऐकू येत होती. याकूबनं इकडे रिसिव्हर नाकाशी नेला, दीर्घ श्वास घेतला, जरा थांबला आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "हिंग कमी पडलाय का हो? ... नाही? मग झाकण पूर्ण काढलंय ना? ... थोडं ढवळा बरं. ... हां, आता आला. मोहरी जळलीय."

माझ्या खोलीत टाइम ऑफिसचे दोन कारकून आणि गेटवरचा वॉचमन उभे होते. त्यांना फक्त याकूब ऐकू येत होता. मला नाईकमामाही ऐकू येत होते, त्यांची धांदल, "साहेब, मोहरी नाही हो जळली, देवाशपथ." आणि माझ्या लक्षात आलं की माझ्यापेक्षा ते तिघे जास्त हसताहेत. वॉचमन तर भिंतीला टेकून खाली बसला. मी दोन्ही बाजू ऐकून कमी हसत होतो. कारण मला नाईकमामांची थोडी कीव येत होती. त्या तिघांचा नाईकमामा ज्याचा त्याचा होता. वॉचमनच्या मनातला नाईकमामा बहुधा त्याचा सुपरवायझर असावा.

संध्याकाळी याकूब स्वतः कँटीनमध्ये गेला आणि नाईकमामांच्या पाया पडला. ते आधी रागावले, मग त्यांनीच दहा जणांना सांगितलं.

कंपनीच्या गणपतीत कुणीतरी त्याला स्टेजवर ढकललं. त्यानं एक बिनकामाचा फोन टेबलावर ठेवला, खुर्चीवर बसला आणि डाळीचा फोन केला. तार कुठेही जोडलेली नव्हती. तो बोलायचा, मग ऐकायचा. ऐकताना काही करायचा नाही, नुसता ऐकायचा, आणि त्या शांततेत मांडव फुटायचा. पुढच्या वर्षी पिंपरीतल्या, भोसरीतल्या कंपन्यांतून बोलावणी आली. मी सोबत असायचो. फोनची पेटी मी उचलायचो.

हेवा कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता येणार नाही, पण त्याचं खाणं-पिणं काय होतं ते सांगता येईल. कंपनीच्या अंकात त्याचा स्टेजवरचा फोटो छापून आला, त्यात कडेला माझं कोपर होतं. मी कामगार नाट्यस्पर्धेसाठी दर वर्षी एकांकिका लिहायचो, उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळायचं. माझी पत्नी कुसुम माझ्या एकांकिकांना येऊन बसायची आणि परतताना रस्त्यात म्हणायची, "चांगली होती." याकूब घरी जेवायला आला की तीच कुसुम पदर तोंडाला लावून म्हणायची, "भावजी, ते डाळीचं करा ना." आणि तो आमच्या स्वयंपाकघरात पितळी तांब्या कानाला लावून करायचा. ती हसून हसून दमायची. असं हसू मी लग्नानंतर तिच्या चेहऱ्यावर आणलेलं नव्हतं. तिला त्याच्याबद्दल काही वाटत होतं असं नव्हे. तसं असतं तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर उघड रागावता आलं असतं.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका गणपतीत मुंगसेशेठ आले. चाकणचे, कांद्याचा व्यापार, शिवाय जत्रांतून फिरणारी तंबू टॉकीज. एवढी वर्षं दुसऱ्यांचे सिनेमे दाखवले, आता स्वतःचा काढायचा त्यांच्या मनात होतं. याकूबचा कार्यक्रम पाहून ते स्टेजमागे आले आणि म्हणाले, यावरच सिनेमा करू. फोन करणारा एक फिटर, त्याचे फोन, शेवटी त्याचा एक फोन खरा ठरतो आणि कंपनीतली चोरी पकडली जाते. आणि हिरो तूच.

याकूबनं हातातला फोन पेटीत ठेवला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "लिवायचं काम वसंतरावांनी करायचं. दोन्हीकडचं त्यांनीच ऐकल्यालं हाय."

त्यानं मला आत घेतलं. आणि मला नेमकं तेच खुपलं. माझी निवड त्याच्या शिफारशीनं झाली होती. मला वाटत होतं की शेठ एकांकिकांबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "तुम्हाला लिहिता येतं ना?"

याकूबनं बिनपगारी रजा टाकली. घरून विरोध होता. त्याच्या पत्नीनं, जैतूनभाभींनी, मला बोलावून विचारलं होतं, "भाईजान, हे जमेल ना त्यांना? नोकरी पणाला लागलीय." मी म्हणालो, मी आहे ना. सिनेमा चालला तर शेठ पुढचाही त्याच्यावरच काढणार होते, तसं तोंडी ठरलंही होतं. याकूबनं कधी बोलून दाखवलं नाही, पण त्याला कारखान्यातून बाहेर पडायचं होतं. घंटा आणि भोंगा दुरुस्त करण्यासाठी आपण जन्मलेलो नाही, हे त्याला त्या वर्षी कळलं होतं. ते त्याच्या चालण्यात दिसायचं.

मी लिहायला बसलो. आता प्रहसन स्टेजवरून पडद्यावर नेताना काय अडचण येते ते सांगतो. स्टेजवर एक माणूस खुर्चीत बसून बोलतो, लोक वीस मिनिटं बघतात. पडद्यावर दोन तास तो खुर्चीत बसू शकत नाही. त्याला घर हवं, प्रेयसी हवी, शत्रू हवा. एवढं ठीक. खरा प्रश्न पुढचा. फोन वाजला की पलीकडचा माणूस दाखवायचा की नाही?

याकूब एका रविवारी घरी आला. मी पहिले काही प्रसंग वाचून दाखवले. नाईकमामांचं कँटीन, पातेलं, वाफ, रिसिव्हर डाळीत पडतो, मामा तो पळीनं काढतात. याकूब ऐकून घेत होता. मग म्हणाला, "राव, ह्यो मामा दाखवू नगंस."

मी कारण विचारलं.

"त्यो दिसला की लोकांस्नी त्येची दया येनार. आन् मी हलकट दिसनार. लोकांना त्येंचा त्येंचा मामा बसवू दे."

हे मला माहीत होतं. माझ्या खोलीत तीन माणसं हसत असताना मी ते पाहिलं होतं. याकूबला ते अंदाजानं कळलं होतं, मला अनुभवानं. तरी मी त्याला समजावलं की सिनेमाचं तंत्र वेगळं असतं, प्रेक्षकाला दोन्ही बाजू लागतात, तंबूतला माणूस साधा असतो. ऑपरेटरची सवय अशी की दोन्ही दोऱ्या खोचल्याशिवाय त्याला काम पूर्ण झालंसं वाटत नाही. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की चूक धंद्याची होती, सवयीची होती. दोन्हीकडचं ऐकणाऱ्यानं दोन्हीकडचं लिहिलं, त्यात पाप काय.

खरं कारण असं. पलीकडचा माणूस दाखवला नाही तर सबंध सिनेमात याकूबच. प्रत्येक चौकटीत याकूब, प्रत्येक हशा याकूबचा, आणि त्याची वाक्यं तर तो स्वतःच घेऊन आलेला. माझं काय उरतं? दोन ओळींची प्रेयसी. पण नाईकमामा, कर्नल, परचेसचे साहेब पडद्यावर आले की त्यांचं बोलणं मी लिहिणार. म्हणजे अर्धा सिनेमा माझा. मी मामांच्या तोंडी विनोद घातले. ते विनोद मला फार आवडले होते.

शूटिंग मुंगसेशेठच्या कांद्याच्या वखारीत झालं. अर्धी वखार रिकामी करून तिथे ऑफिस आणि कँटीन उभं केलं होतं. वास गेलेला नव्हता. सगळ्यांचे डोळे दिवसभर लाल असायचे, आणि मेकअप करणारा वैतागून शेठना विचारायचा की हा सिनेमा नक्की हसायचा आहे ना. दिग्दर्शक कोल्हापूरचे, तरुण, पहिलाच स्वतंत्र सिनेमा. माणूस प्रामाणिक होता, दुसऱ्याचं ऐकणारा. तेच बिचाऱ्याला भोवलं.

डाळीच्या फोनचा दिवस आला. माझ्या लिखाणाप्रमाणे याकूबचं एक वाक्य, मग मामांचं एक, असे तुकडे होते. दिग्दर्शक म्हणाले, आधी याकूबचा सगळा भाग सलग घेऊ, नंतर कापून मधे मधे मामा टाकू. कॅमेरा लावला. याकूबनं रिसिव्हर उचलला.

त्यानं माझी वाक्यं म्हटलीच नाहीत. किंवा म्हटली असतील, मला ऐकू आली नाहीत. त्यानं स्टेजवरचं केलं, आणि स्टेजवर केलं होतं त्याहून कमी केलं. कॅमेरा जवळ होता. तो ऐकताना त्याची एक भुवई जरा वर जायची आणि तिथेच थांबायची. त्या थांबण्यात पलीकडे नाईकमामा काय करताहेत ते सगळं दिसत होतं. ढवळताहेत, घाम पुसताहेत, आचाऱ्यावर डोळे वटारताहेत. दिवे धरणाऱ्या पोरांनी तोंडात रुमाल कोंबले. कॅमेरामनचे खांदे हलत होते. मुंगसेशेठ पोत्यांच्या थप्पीवर बसले होते ते आडवे झाले. मी दोन्ही बाजू ऐकलेला माणूस, आणि मला त्या क्षणी हेडफोनमधल्या खऱ्या नाईकमामांपेक्षा याकूबच्या चेहऱ्यावरचे मामा जास्त खरे वाटले.

पोटातून उकळी आली. मी ती दाबली. ओठ चावला, आणि तरी आवरेना तेव्हा वखारीच्या मागच्या दारानं बाहेर निघून गेलो. जनरेटरच्या मागे उभा राहून हसलो. तिथं कुणाला काही ऐकू येत नव्हतं. हसता हसता माझ्या लक्षात आलं की मला हे जन्मात जमणार नाही. मग हसू थांबलं.

आत आलो तेव्हा दिग्दर्शक माझी वाट बघत होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वसंतराव, हा शॉट असाच ठेवला तर? मामा नकोतच मधे. मला वाटतं सगळेच फोन असे घ्यावेत. तुम्ही खरे फोन ऐकलेत, तुम्ही सांगा."

शेठही जवळ आले होते. याकूब खुर्चीतच बसून होता आणि आमच्याकडे पाहत होता.

मी म्हणालो, "इथे आपण सगळे त्याला ओळखतो म्हणून हसलो. तंबूतला माणूस विचारणार, पलीकडं कोण आहे?"

शेठनी मान डोलावली. तंबू हा शब्द काढला की शेठना पटणार हे मला माहीत होतं. शिकार हेरण्यात मी तयार होतो. दिग्दर्शकांनी तो शॉट कापला. मामांचे तुकडे मधे टाकले. वाफ, पळी, डाळीत पडलेला रिसिव्हर, माझे विनोद. बाकीचे फोनही तसेच झाले.

सिनेमाचं नाव देत नाही. बहुतेकांना ते आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं त्यांच्यावर कशाला पुन्हा ओझं. पहिला खेळ चाकणला, शेठच्याच तंबूत. कंपनीतून लोक गाड्या करून आले होते. पाट्या सुरू झाल्या. 'कथा, पटकथा, संवाद' आणि खाली माझं एकट्याचं नाव. कथा याकूबची होती, निदान शेठची. पाटी लिहिणाऱ्याला मजकूर मीच दिला होता.

डाळीचा प्रसंग आला. याकूब बोलला, थोडं हसू आलं. मग नाईकमामा दिसले, घामाघूम, गरीब चेहऱ्याचा माणूस, हात भाजून घेतो. हसू गेलं. पुन्हा याकूब. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मोठ्यानं म्हटलं, "कशाला छळतोय मुडदा त्या म्हाताऱ्याला." शेवटी शेवटी लोक याकूब पडद्यावर आला की कुजबुजू लागले. त्याच्या डाव्या हाताला मी बसलो होतो. तो सबंध वेळ पडद्याकडे पाहत होता, एकदाही वळला नाही.

बाहेर आल्यावर शेठ म्हणाले, "स्टेजवर वेगळं असतं. पडदा सगळ्यांना मानवत नाही." मी ऐकून घेतलं. त्यांनी पुढचा सिनेमा काढलाच नाही. तंबूही एक-दोन वर्षांत विकून टाकला.

याकूब रजा संपवून कामावर आला. लोक त्याला काही दिवस "हिरो" म्हणायचे, मग तेही थांबले. पुढच्या गणपतीत मंडळानं डाळीचा फोन मागितला तेव्हा त्यानं घसा बसल्याचं सांगितलं. माझ्या खोलीत येऊन तो त्याच्या नेहमीच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, "राव, मला वाटतंय, मी आपल्या ह्या लोकांपुरताच हाय. ओळखीच्या मान्सांपुरता."

हे माझंच वाक्य होतं. मी दिग्दर्शकांना म्हटलेलं, त्यानं खुर्चीतून ऐकलेलं. आता तो ते स्वतःचं म्हणून मला परत सांगत होता. सगळं उलटवायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "असतं एकेकाचं तसं."

वखारीत जे केलं ते रागाच्या, हेव्याच्या भरात होतं, असं म्हणता येईल. हे मात्र मी शांतपणे केलं. आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आता आम्ही दोघं सारखे झालो होतो.

त्यानं पुन्हा कधी रिसिव्हर उचलून आवाज काढला नाही. कुसुमनं दोन-तीनदा आग्रह केला, मग सोडून दिला. ऐंशी सालानंतर ऑटोमॅटिक एक्स्चेंज आलं. बोर्ड काढायचं काम मेंटेनन्सकडे, म्हणजे त्याच्याकडेच होतं. मी टाइम ऑफिसात गेलो. मैत्री टिकली, म्हणजे ईदला मी त्याच्याकडे, दिवाळीला तो माझ्याकडे.

गेल्या वर्षी त्याच्या नातीचा साखरपुडा झाला, पिंपळे सौदागरला याकूबच्या मुलाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. मी निगडीहून बसनं गेलो. नव्या सोयऱ्यांशी ओळखी चालल्या होत्या. त्याचा मुलगा कौतुकानं म्हणाला, "अब्बांनी सिनेमात काम केलंय बरं का, हिरोचं. चालला नाही. अब्बांना अ‍ॅक्टिंग काही जमलं नाही." सगळे हसले. याकूबही हसला आणि मान हलवत म्हणाला, "न्हाईच जमलं." त्यात दुःख नव्हतं. पडदा आपल्याला जमला नाही हे त्यानं स्वतःच्या उंचीसारखं, रंगासारखं मान्य करून टाकलं होतं. मला तिथे जेवण गेलं नाही.

आठवडाभरानं मी पुन्हा गेलो. तो गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. मी सगळं सांगितलं. मामा पडद्यावर का आणले, दिग्दर्शकांनी काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं, पाटीवर नाव कसं आलं. मधे त्यानं एकदाही अडवलं नाही. ऐकण्यात तो पहिल्यापासून पक्का.

मी थांबल्यावर त्यानं विचारलं, "त्या दिशी वखारीत, शॉट झाल्यावर समदी हसत हुती. मी तुझ्याकडं बघितलं. तू जाग्यावर नव्हतास. कुठं ग्येल्तास?"

"बाहेर."

"कशाला?"

"हसू आवरेना म्हणून."

तो गॅलरीतून खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला बघवना म्हनून उठून ग्येलास. राव, समद्यांनी खरे फोन ऐकले नव्हते. तू ऐकले हुते. तू उठून ग्येलास, म्हंजे काय त्ये मला कळलं, असं मला वाटलं. आन् तंबूत त्ये खरं झालं."

मी माफी मागितली. शब्द काय वापरले ते आठवत नाही.

"ह्ये तू तवा सांगाय पायजे हुतं," तो म्हणाला. "त्या गनपतीच्या आधी. मी आनखी लई वर्सं केलं असतं. नुसतं कंपनीत केलं असतं, तरी चाललं असतं."

आतून जैतूनभाभींनी चहा झाल्याचं सांगितलं. मी त्याला म्हणालो की मी हे दिवाळी अंकात लिहिणार आहे, नावासकट, त्याची हरकत नसेल तर.

"लिही," तो म्हणाला. "पाटीवर तुझं नाव हाय, तवा तुलाच लिवाय पायजे. पर शेवट गोड करू नगंस. याकूबनं माफ केलं असं लिवशील, तुला सवय हाय दुसऱ्याच्या तोंडी वाक्यं घालायची. मी माफ केल्यालं न्हाई. तसं लिही."

मग आम्ही आत जाऊन चहा घेतला. त्यानं माफ केलेलं नाही.